पठारावरची हवा आणि आपलं हेलिकॉप्टर

(साताऱ्यात वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि इतक्या उकाड्यातही आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेत आजचा विषय 'उंचावरच्या हवेत रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टर कसं उडवावं' असा छापलाय. त्यात तीन गोष्टी सांगायचं मी कबूल केलंय. उंचावर जाताना यंत्राची जुळणी कशी बदलायची, हवेत असताना मोटर बंद पडली तर ते खाली कसं आणायचं, आणि मंगळावर उडालेल्या हेलिकॉप्टरकडून आपण काय शिकायचं. तिन्ही सांगणार आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात साचलेलं एक बोलून टाकतो. ते साताऱ्यात नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

मी हेलिकॉप्टर घेऊन कुठेही उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, किती उंच जातं हे?" शाळेतली पोरं विचारतात, नाक्यावरचे हवालदार विचारतात, मेंढरं घेऊन निघालेले आजोबा थांबून विचारतात. कौतुकाने विचारतात, त्यात वाईट काहीच नाही. पण हे यंत्र डोळ्यांनी बघत उडवायचं असतं. शंभर मीटरवर गेलं की त्याचं नाक कुठे आणि शेपटी कुठे हेच कळेनासं होतं. त्यामुळे ते जमिनीपासून किती वर जातं याला फार अर्थ नाही. खरा प्रश्न असा आहे, की आपण उभे आहोत ती जमीन समुद्रापासून किती वर आहे, आणि आज ऊन किती आहे? हा प्रश्न मला कधी कोणी विचारलेला नाही. तुम्ही आज घरी जाताना तो बरोबर न्यावा एवढ्यासाठी मी इथे उभा आहे.

माझी नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीची. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार, तिकडे पाटणच्या अंगाला वनकुसवडे, हा सगळा माझा कामाचा मुलूख. पवनचक्कीबरोबर कंपनी एक तक्ता देते. इतका वारा असेल तर इतकी वीज. त्या तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक आकडा असतो, १.२२५. म्हणजे एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो. ही हवा समुद्रकाठची, आणि तीही १५ अंश तापमानाची. आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यात समुद्रकिनारा कुठे आहे? आपलं सातारा शहरच ७०० मीटरच्या आसपास, चाळकेवाडीचं पठार ११००-१२०० मीटरचं, आणि महाबळेश्वर १३५० मीटरच्या घरात. पठारावर एप्रिलच्या दुपारी हवेची घनता मोजली तर ती घनमीटरला बरोबर १ किलोच्या आसपास येते. तक्त्यातल्या हवेपेक्षा १८ टक्क्यांनी कमी! तेवढाच वारा असताना वीजही तेवढीच कमी मिळते. पवनचक्कीवाले हे जाणतात आणि तक्ता दुरुस्त करून वापरतात.

हेलिकॉप्टरवाले मात्र पुस्तिकेतला तक्ता जसाच्या तसा पाळतात. पात्यांचा कोन इतका, फेरे मिनिटाला इतके, पिनिअन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, इतक्या दातांचं. तो तक्ता ज्यांनी बनवला त्यांनी स्वतःच्या गावच्या हवेत यंत्र उडवून पाहिलं आणि लिहून टाकलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो कागद घेऊन आपण यवतेश्वरचा घाट चढलो, तर घाट चढल्याची दखल त्या कागदाने घेतलेली नसते. ती आपणच घ्यायची.

इथे तुमची एक परीक्षा घेतो. जुलै महिना आहे, पठारावर ढग उतरलेत, हवा ओलीचिंब आहे. त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा ही दमट हवा जड असते असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त सभागृहाने हात वर केले. पहिल्या रांगेत विज्ञानाचे शिक्षक बसलेत, ते हाताची घडी घालून हसतायत. दमट हवा हलकी असते, मंडळी! पाण्याच्या वाफेचा रेणू १८चा आणि हवेच्या रेणूंची सरासरी २९ची. वाफ आत आली की तेवढ्या जड रेणूंची जागा ती घेते. फरक मोठा नाही, २५ अंशाला पुरती ओली हवा असली तरी टक्का-सव्वा टक्का. पण 'पावसाळी हवा भरीव असते, हेलिकॉप्टर छान तरंगतं' असं ठासून सांगणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितलं. खरा खेळ तापमानाचा आहे. त्याच पठारावर जानेवारीत पहाटे १२ अंश असताना घनता १.०८ असते आणि एप्रिलच्या दुपारी ३४ अंशाला १.००. जमीन तीच, दगड तोच.

पुस्तिकेच्या भाषेत बोलायचं तर ती एप्रिलची हवा प्रमाण वातावरणात, म्हणजे समुद्रकाठी १५ अंश धरून आखलेल्या आदर्श हवेत, साधारण २००० मीटर उंचीवर सापडते. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे तुम्ही चाळकेवाडीला सपाट माळावर उभे असता आणि तुमच्या यंत्राला मात्र कळसूबाईच्याही वर उडावं लागतं. विमानवाले याला घनता-उंची म्हणतात. आपल्याला अंगाला उकाडा जाणवतो, पात्यांना हवा कमी पडते.

आता ज्याच्यामुळे मला हे सगळं तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं त्या मुलाबद्दल सांगतो. कराडच्या बाजूचा, शेतकऱ्याच्या घरातला, अभियांत्रिकीला जाणारा मुलगा. पैसे साठवून त्याने ३२५ मिलिमीटर पात्यांचं एक विजेवरचं हेलिकॉप्टर घेतलं. डिसेंबर-जानेवारीत ऊस तुटून गेलेल्या रानात रोज पहाटे उडवायला शिकला. हात चांगला बसला होता, मी स्वतः पाहिलंय. एप्रिलमध्ये वडिलांना दाखवायला म्हणून तो चाळकेवाडीला आला. दुपारची वेळ. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर व्यवस्थित तरंगलं. मग वर न्यायला त्याने रिमोटची काठी पुढे केली आणि त्या क्षणी नाक डावीकडे वळायला लागलं. त्याने उजवीकडे पूर्ण काठी दिली. नाक ऐकेना. यंत्र स्वतःभोवती गरगर फिरलं आणि गवतात आडवं झालं. शेपटीची नळी वाकली, मुख्य पात्यांची टोकं फुटली, दांडा वाकडा झाला.

मी कामावरून उतरत होतो. पोरगा गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करत होता. वडील म्हणाले, "साहेब, पठारावरचं वारं बाधलं बघा त्याला." मी म्हटलं, "दादा, त्या पवनचक्क्या बघा." सगळ्या उभ्या होत्या, एकही फिरत नव्हती. वारा सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली गेला की त्या वीज करतच नाहीत. गवताचं पातं हलत नव्हतं. मग वाऱ्याने कसं पाडलं?

मुलाने विक्रेत्याला फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडून उत्तर आलं, "यंत्रात काही दोष नाही. आधी संगणकावर शिका, मग मैदानात उतरा." एवढं बोलून फोन ठेवला. मला आजही त्या उत्तराचा राग येतो. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि वडिलांना वाटलं की पोराला येत नसताना आपण एवढे पैसे घालू दिले. कुठे उडवलं, किती उंचीवर, किती वाजता, एवढे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली असती. या एका उत्तराने किती पोरांनी ही विद्या सोडली असेल याचा मी अनेकदा विचार करतो.

आम्ही ठोसेघरला चहाच्या टपरीवर बसलो. वर्तमानपत्र पसरलं आणि शेपटीचा सगळा भाग त्यावर सुटा केला. पट्टा शाबूत, दात शाबूत, पंख्याचा कोन हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, नीट चालत होता, शेपटी आपोआप जागेवर धरणारा गायरो नीट. पण शेपटीच्या पंख्याचा कोन बदलणारी जी कडी दांड्यावर सरकते, ती ज्या टोकाला जाऊन थांबते तिथे काळ्या दांड्यावर एक ताजा, चकचकीत ओरखडा होता. नखाच्या टोकाएवढा. मी त्याला म्हटलं, "हे बघ बाळा, तुझ्या गायरोने शेवटपर्यंत जोर लावला होता. कडी टोकाला जाऊन ठेपली, पुढे जायला जागाच उरली नाही. तू काठी बरोबर दिलीस. शेपटीला हवा पुरली नाही."

हिशेब तिथेच वर्तमानपत्राच्या समासात केला. डिसेंबरमधल्या त्याच्या रानात, १५ अंशाला घनता साधारण १.१४. पठारावर १.००. वजन तेवढंच. मग मुख्य पात्यांना तेवढाच भार पेलायला जास्त कोन लागला. कोन वाढला तसा पात्यांना होणारा विरोध वाढला, आणि अंगाला उलट फिरवणारा पीळही वाढला. तो पीळ आवरायचं काम शेपटीच्या पंख्याचं, आणि तो पंखा तर त्याच पातळ हवेत फिरतोय. एकीकडे काम वाढलं, दुसरीकडे ताकद घटली. तरंगताना जेमतेम जमलं, वर चढायला सांगितल्यावर हात टेकले.

वडील म्हणाले, "मग कोन आणखी वाढवला तर?" प्रश्न अगदी योग्य होता आणि बहुतेक जण तिथेच फसतात. घट्ट दह्यात रवी हळू फिरवली तरी चालते, दही पातळ असलं की रवी जोरात फिरवावी लागते, नुसती तिरकी धरून लोणी येत नाही. त्यांना ते पटकन पटलं. कोन वाढवला तर पीळ आणखी वाढतो आणि फार वाढवला तर पात्यावरची हवाच सुटते. फेरे वाढवले तर शेपटीचा पंखाही मुख्य दांड्याला जोडलेला असल्याने आपोआप जास्त फिरतो. दोन्ही दुखणी एका उपायात जातात. भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात पेलला जातो, म्हणून १.१४चं वर्गमूळ काढायचं. येतं १.०७. फेरे ७ टक्के वाढवायचे. त्याच्या मोटरवर १३ दातांचं पिनिअन होतं. १४चं लावलं की ७.७ टक्के वाढ मिळते. एक दात, मंडळी. एवढाच फरक होता.

नवे भाग आल्यावर मी त्याला मुद्दाम त्याच उन्हाच्या वेळी परत बोलावलं. तो म्हणत होता पहाटे येऊ. मी म्हटलं, पहाटे हवा आपोआप दाट असते, मग पिनिअनने काम केलं की गारव्याने ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोन पहिलाच ठेवला. तो उडाला, वर चढला, शेपटी खिळल्यासारखी जागेवर राहिली. वडिलांनी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं असं आहे, की आपल्या जिल्ह्यासारखी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. कृष्णाकाठच्या रानापासून पठारापर्यंत तासा-दोन तासांत पोचता येतं. तेवढ्यात हवा पाच-सहा टक्क्यांनी पातळ होते. शाळेतल्या मुलांना घनता हा धडा फळ्यावर शिकवून उरकला जातो, आणि एक छोटं हेलिकॉप्टर, एक तापमापक आणि फेरे मोजायचं यंत्र घेतलं तर तोच धडा त्यांना हातात मिळतो. पहिल्या रांगेतल्या सरांना माझी ही जाहीर विनंती आहे, आणि यंत्र मी घेऊन येईन.

एक सावधगिरी. घनता काढायला हवेचा दाब लागतो. तुम्ही फोन काढाल, हवामानाचं अ‍ॅप उघडाल, ते १०१० हेक्टोपास्कल दाखवेल. तो आकडा घेऊ नका! तो समुद्रसपाटीवर उतरवून सांगितलेला असतो. पठारावर प्रत्यक्ष दाब असतो ८८०च्या आसपास. बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याचा थेट आकडा दाखवणारं अ‍ॅप घ्या. मग सूत्र सोपं आहे. दाबाला २.८७ने भागा, आणि आलेल्या उत्तराला तापमानात २७३ मिळवून भागा. ८८२ भागिले २.८७, भागिले ३०७. आलं १.००. हे तोंडपाठ करा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे कबूल केलेल्या तीन गोष्टींना प्रत्येकी तीन मिनिटं. भराभर सांगतो, ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी पेन काढा.

जुळणी. फेरे वाढवायचे हे झालं, पण पात्यांच्या उत्पादकाने कमाल फेरे किती सांगितलेत ते आधी बघा. फेरे ७.७ टक्के वाढले की पातं बाहेर खेचणारा जोर १६ टक्के वाढतो. मर्यादा जवळ असेल तर फेऱ्यांच्या मागे लागू नका, थोडी लांब पाती बसत असतील तर ती लावा किंवा वजन कमी करा. विजेच्या मोटरची ताकद पातळ हवेत घटत नाही, पण थंड करणारी हवा कमी मिळते. म्हणून उड्डाण आखूड ठेवा आणि उतरल्यावर मोटरला आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरला हात लावून बघा. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाचं उलट आहे. त्याला श्वासालाच हवा कमी, त्यामुळे दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के ताकद जाते आणि मिश्रणात इंधन जास्त होतं. इंधन कमी-जास्त करणारी सुई थोडी आत घ्या, पण बेताने, कारण इंधनाबरोबरच तेलही जातं आणि फार कमी केलंत तर इंजिन तापून धरतं. आणि शेपटीची कडी मधल्या तरंगत्या स्थितीत टोकापासून किती लांब आहे ते उडवण्याआधी बघा. तो ओरखडा विसरू नका.

मोटर बंद पडली तर. कोन लगेच खाली घ्या, खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते, आणि जमिनीजवळ तो साठलेला वेग वापरून यंत्र अलगद टेकवायचं. पातळ हवेत यंत्र जास्त वेगाने खाली येतं, आपल्या उदाहरणात ७ टक्के जास्त. म्हणून आपल्या गावी जमतं त्या उंचीवर पठारावर पहिल्याच दिवशी हे करू नका. या विद्येचा सर्वांत मोठा दाखला ज्यां बुले या फ्रेंच वैमानिकाचा. २१ जून १९७२ रोजी तो लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर गेला. तिथे इंजिन विझलं आणि तो इंजिनाशिवाय तिथून जमिनीपर्यंत सुखरूप उतरला. हेच लामा आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर 'चीता' नावाने बनवलं. सियाचिनच्या जवानांना किती वर्षं त्याने शिधा आणि औषधं पोचवली आहेत! आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत फौजेतली माणसं आहेत, त्यांना विचारा चीता म्हणजे काय. तिथे वैमानिक किलोकिलोचा हिशेब करतात. इंधन किती, सामान किती, आज तापमान किती. आपल्या छंदातला हिशेब तोच आहे.

आणि मंगळ. तिथे उडालेलं नासाचं हेलिकॉप्टर इन्जेन्युइटी, वजन १.८ किलो, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.२ मीटर. आपल्याकडे त्या वजनाच्या हौशी हेलिकॉप्टरचा व्यास मीटरभर असतो, म्हणजे आकाराने ते आपल्याच बिरादरीतलं. त्यामागचे मुख्य अभियंता बॉब बालाराम, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. मंगळावरची हवा आपल्या समुद्रकाठच्या हवेच्या एक-सव्वा टक्का. गुरुत्वाकर्षण तीन-अष्टमांश, तेवढी सूट. १९ एप्रिल २०२१ला पहिलं उड्डाण झालं, मिनिटाला सुमारे २५४० फेऱ्यांवर. पण काही महिन्यांनी तिथला ऋतू बदलला आणि हवा आणखी पातळ झाली. तेव्हा त्या लोकांनी काय केलं? चौदाव्या उड्डाणात, ऑक्टोबर २०२१मध्ये, फेरे वाढवून २७०० केले आणि आधी थोडंसंच उडवून खात्री केली. बरोबर ७ टक्क्यांच्या आसपासची वाढ! टपरीवर बसून त्या मुलाने समासात जे गणित केलं तेच. मर्यादा एकच, पात्याचं टोक आवाजाच्या वेगाजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि मंगळाच्या थंड हवेत आवाज सेकंदाला २४० मीटरच जातो. आपल्याला ती भीती नाही, आपली टोकं त्याच्या बरीच आत असतात. त्या यंत्राने एकूण ७२ उड्डाणं केली, शेवटचं १८ जानेवारी २०२४ला.

वेळ संपली. नियमांचं एका वाक्यात सांगतो. ड्रोन नियम, २०२१ आपल्या मॉडेलनाही लागू आहेत. उडवायचं ते नजरेच्या टप्प्यातच, परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही १२० मीटरच्या आत, आणि निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघूनच. पाचगणीला पॅराग्लायडिंग चालू असताना त्या बाजूला यंत्र काढू नका, वर माणसं असतात. कासच्या फुलांवर तर कधीच नाही, तिथे ते काढायला माझा विरोध आहे आणि राहील.

येत्या रविवारी दुपारी, हो, दुपारीच, मी पठारावर आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर टेबलावर नाव द्या. टोपी, पाणी आणि जवळ असतील ती सगळी पिनिअन आणा. निघताना आपल्या अंगणातला दाब आणि तापमान लिहून घ्या आणि वर पोचल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही ठिकाणची घनता काढलेली नसेल त्याचं हेलिकॉप्टर मी पेटीतून बाहेर काढू देणार नाही.